दोन चंद्रकला, एक मार्कशीट

दर चैत्रात गावाचं सर्वेक्षण रजिस्टर नव्यानं लिहायचं असतं. घर क्रमांक एक ते एकशे बारा. प्रत्येक घरात माणसं किती, पाच वर्षांखालची पोरं किती, कोण किती शिकलेलं. बोरगावपासून तीन किलोमीटरवरच्या त्या गावात हे रजिस्टर अंगणवाडीच्या चंद्रकलाबाई कळंबे यांच्या ताब्यात असायचं, पण लिहिलं जायचं त्यांच्या घरी, स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी, त्यांच्या धाकट्या जावेच्या हातानं. जावेचं नाव अर्चना. घर क्रमांक सत्तेचाळीस आलं की ती पेनाला टोपण लावायची, गॅसवरचं दूध पाहून यायची आणि मग एका दमात लिहायची. गुणवंता रघुनाथराव कळंबे, शेती, आठवी. पत्नी अर्चना, घरकाम, निरक्षर.

एकतीस वर्षं तिनं स्वतःच्या नावापुढे हा शब्द स्वतःच लिहिला. अक्षर इतकं सुरेख, की छिंदवाड्याहून, जिल्ह्याच्या हिंदी बोलणाऱ्या ऑफिसातून, तपासणीला आलेल्या एका मॅडमनी नेमकं तेच पान उघडून चंद्रकलाबाईंना म्हटलं होतं, “क्या लिखावट है आपकी! हमारे यहाँ तो बाबू भी ऐसा नहीं लिखते.” चंद्रकलाबाई साडीचा पदर सारखा करत राहिल्या होत्या.

खरं म्हणजे अर्चना दहावी पास. तीही पहिल्या श्रेणीत, पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेतून, एकोणीसशे एकोणनव्वद साली. तेव्हा ती अर्चना नव्हतीच. मार्कशीटवर तिचं नाव चंद्रकला वामन बोबडे असं होतं. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचं वजन करायचे. निकालाच्या दिवशी त्यांनी पेपरच्या दोन प्रती घेतल्या, एक घरी आणि एक जिनिंगच्या भिंतीवर लावायला. अकरावीला नावही घातलं होतं. चार महिने ती गेली. पाचव्या महिन्यात सौंसरकडचं स्थळ आलं, ओलिताची शेती, संत्र्याचा बगीचा, मुलगा निर्व्यसनी. मुलाकडचे म्हणाले, पुढचं आमच्याकडे शिकेल. सगळेच तसं म्हणायचे. कोणी खोटं बोलत नव्हतं, फक्त कोणी त्याचा विचार करत नव्हतं.

सासरी एक चंद्रकला आधीच होती. थोरला दीर हिरामण, त्याची बायको. सासूबाईंनी लग्नाच्या आधीच सांगून टाकलं, “एका घरात दोन चंद्रकला कशा चालतीन? एकीले हाक मारली तं दोघी धावतीन, अन् एकीले बोललं तं दोघीले लागन.” म्हणून ताटात तांदूळ पसरून नवरदेवानं अंगठीनं लिहिलं, अर्चना. ते नाव त्याच्या आतेबहिणीनं सुचवलं होतं. नवरीनं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते लिहून झालं होतं.

त्या संध्याकाळी थोरल्या चंद्रकलेनं तिला जेवायला वाढलं आणि हळूच म्हटलं, “माझ्यापायी तुझं नाव गेलं वो.”

“नवं बी बरं हाय, बाई,” ती म्हणाली. ती जावेला बाई म्हणायला लागली ती तेव्हापासून.

हिरामण तीन वर्षांनी गेला. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक बसला. थोरली तीस वर्षांची, पदरात दोन वर्षांची तृप्ती. तिचे भाऊ न्यायला आले होते. रघुनाथराव, म्हणजे सासरे, त्यांना म्हणाले, “सून नेता तं न्या, नात नेऊ देणार नाही.” भाऊ रिकामे परत गेले. थोरली राहिली. पण घरात तिची जागा आता कुठं, हे कोणालाच कळेना. सणाला सवाष्ण म्हणून ती नको, शेतात एकटी बाई म्हणून नको, आणि स्वैपाकाला धाकटी होतीच. ती दिवसदिवस कपाशीच्या सरकीसारखी कोपऱ्यात पडून असायची.

चौऱ्याण्णवमध्ये गावाला अंगणवाडी मिळाली. कार्यकर्ती म्हणून गावचीच सून पाहिजे, दहावी पास. अख्ख्या गावात अशी सून एक. पण अर्चनेच्या मांडीवर पाच महिन्यांचा वैभव, आणि सासूबाईंचा साफ नकार. “आपलं लेकरू टाकून दुसऱ्याचे पोरं खेळवाले जाशीन?” गुणवंता काही बोलला नाही. तो बोलत नाही.

रघुनाथराव दोन दिवस ओट्यावर विचार करत बसले. तिसऱ्या दिवशी दोन्ही सुनांना बाहेर बोलावलं.

“या घरात दहावीची चंद्रकला हाय,” ते म्हणाले, “अन् या घरात चंद्रकला बी हाय. आडनाव लग्नानं बदलते, ते ऑफिसवाल्याले बी माहीत हाय. मंग अडते कुठं?”

थोरली चौथी शिकलेली. ती म्हणाली, “मामाजी, मले तं पत्र बी धड वाचता येत नाही.”

“ते धाकटी शिकवन ना तुले.” मग ते धाकटीकडे वळले. “सूनबाई, तुझ्यावर जबरी नाही. नाही म्हटलं तं इथंच विषय संपला.”

अर्चना आत गेली. पेटीच्या तळाशी अंथरलेल्या कागदाखालून मार्कशीट काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. तिला वाटलं होतं, वैभव चालायला लागेपर्यंतची गोष्ट आहे. मग आपण जाऊ, बाई घरी राहील. फायलीत गेलेला कागद बाहेर काढायला काय लागतं, हे तिला बाविसाव्या वर्षी माहीत नव्हतं. पण खरं सांगायचं तर माहीत असतं तरी तिनं दिला असता. त्या दिवशी सकाळी तिनं थोरलीला गोठ्यात शेणाच्या पाटीवर डोकं टेकून बसलेलं पाहिलं होतं.

मग दुपारची शाळा सुरू झाली. सासूसासरे झोपले की दोघी कडुनिंबाखाली पाटी घेऊन बसायच्या. धाकटी शिक्षिका, थोरली विद्यार्थिनी. थोरलीला जोडाक्षरांची भारी चीड. “हे ‘क्ष’ काहून पाहिजे बाप्पा? ‘क’ अन् ‘श’नं काय घोडं मारलं?” सहा महिन्यांत ती वाचायला लागली, लिहायचं मात्र कधी जमलंच नाही. हात थरथरायचा. तेव्हा वाटणी ठरली. थोरलीनं सेंटरला जायचं, पोरं जमवायची, वजन करायचं, दलिया वाटायचा, गरोदर बायांना लसीच्या सुईच्या दिवशी ओढून आणायचं. घरी येऊन सगळं तोंडी सांगायचं. धाकटीनं लिहायचं. दोन-चार महिन्यांची सोय म्हणून केलेलं हे काम पुढं रोजचंच झालं.

थोरली त्या कामात खुलली. तिला बघून पोरं घरातून पळत यायची. रडक्या पोराला ती कडेवर घेऊन सगळ्या गल्लीत फिरवायची आणि वाटेत त्याच्या आईला दोन शब्द सुनवायची. गावात तिला बाईजी म्हणायला लागले. लग्नात आता तिला मागच्या रांगेत बसायला कोणी सांगेना.

धाकटीनं सेंटर कधी पाहिलं नाही, पण गावातल्या प्रत्येक पोराचं वजन तिला तोंडपाठ. एकदा तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलं, “बाई, वरच्या गल्लीतल्या पंकजचं वजन आजबी सात किलो दोनशेच?”

“तेवढंच भरलं.”

“तीन महिने झाले, काटा हलून नाही राहिला. उद्या त्याले उचला अन् सौंसरच्या दवाखान्यात न्या.”

“त्याची आजी मारन मले. नजर लागली म्हणते ते.”

“मारू द्या. तुमी न्या.”

थोरलीनं नेलं. शिव्या खात, बसमध्ये पोराला छातीशी धरून. पोरगं चौदा दिवस भरती होतं, ते वाचलं. आज पंकज नागपूरच्या बसवर कंडक्टर आहे आणि चंद्रकलाबाई चढल्या की दारामागची सीट रिकामी करून देतो. त्याची आई दर उन्हाळ्यात आंबे घेऊन येते, बाईजींच्या पाया पडते. त्या आंब्यांचा रस अर्चना काढते. पंकजच्या बसमध्ये ती बसली की तो म्हणतो, “काकू, टिकट.”

घरात गोष्ट एकसारखी राहावी म्हणून बाकीचे कागदही तसेच भरत गेले. रेशन कार्डावर अर्चना निरक्षर. बचत गट निघाला तेव्हा बँकेचा माणूस गावात आला. सगळ्या बाया ओळीनं सह्या करत होत्या, काही अंगठा देत होत्या. अर्चनेची पाळी आली. तिनं पेनाकडे पाहिलं. समोर सरपंच, शाळेचे मास्तर, अर्धं गाव. तिनं अंगठा पुढं केला.

घरी येऊन ती मोरीत बसून राखेनं अंगठा घासत राहिली. शाई निघेना. थोरली आली, तिनं लिंबू कापलं, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि चोळत बसली. बऱ्याच वेळानं थोरली म्हणाली, “निंबू झोंबते का?” आणि अर्चना म्हणाली, “नाही.”

वैभवला गणित तीच शिकवायची. सातवीत त्यानं शाळेतून एक फॉर्म आणला. “आई, तुले अपूर्णांक येते, मंग तुझ्यापुढे निरक्षर काहून लिवाव?”

“लिही.”

“पण काहून?”

“लिही म्हटलं ना.”

त्यानं लिहिलं. पुन्हा कधी विचारलं नाही. आता तो नागपूरला गोदामात सुपरवायझर आहे. त्याची बायको त्याला फोनवर सांगते, तुमच्या आई मोबाइलवरचं सगळं कशा काय वाचतात हो? तो म्हणतो, अंदाजानं.

सासूबाई गेल्या, रघुनाथराव गेले. तृप्तीचं लग्न झालं, ती छिंदवाड्याला असते. कडुनिंबाखाली टाइल्सचा ओटा झाला. आणि थोरलीचे गुडघे गेले. खरं वय बासष्ट, म्हणजे निवृत्तीचं. पण मार्कशीटवरची जन्मतारीख धाकटीची, चौदा जून एकोणीसशे बहात्तर. ऑफिसच्या हिशेबानं चंद्रकलाबाई त्रेपन्न वर्षांच्या, अजून नऊ वर्षं नोकरी बाकी. मिटिंगमध्ये पर्यवेक्षक मॅडम चिडवायच्या, “चंद्रकला जी, मैं आपसे चार साल बड़ी हूँ, और सीढ़ी पर हाँफती आप हैं!” थोरली घरी येऊन ते सांगायची आणि स्वतःच हसायची. “बाप्पा, एकाहत्तरव्या वर्सी रिटायर होईन मी. तवा पोरं मलेच वजनकाट्यावर बसवतीन.”

रजिस्टरं होती तोवर हे चाललं. मग सगळं मोबाइलवर आलं. हजेरी सेंटरमधूनच, पोरांचे फोटो तिथलेच, वजन तिथूनच भरायचं. थोरलीला डोळ्यांच्या मोतीबिंदूनं स्क्रीनवर नुसता पांढरा उजेड दिसायचा. मग अर्चना रोज दहा वाजता डबा घेऊन सेंटरला जायला लागली. डबा हे निमित्त. त्रेपन्नाव्या वर्षी तिनं ती खोली पहिल्यांदा आतून पाहिली, जिच्यातल्या पाट्या, ताटल्या, चटया ती एकतीस वर्षं मोजून लिहीत होती. पोरं तिला डबेवाली आजी म्हणायला लागली. ती मागच्या भिंतीशी बसायची, मोबाइलवर माहिती भरायची. मधेच एखादं पोर तिच्या मांडीवर येऊन बसायचं. ती त्याचं नाव विचारायची नाही. तिला ते माहीत असायचं.

या जुलैमध्ये मॅडमनी सगळ्या कार्यकर्त्यांना कोरे फॉर्म दिले. गावातल्या शाळा सुटलेल्या पाच बाया शोधा, ओपन स्कूलमधून बारावीला बसवा, वयाची अट नाही. अर्चनेनं चार फॉर्म भरले, चार पोरसवदा सुनांचे. पाचवा तिच्याकडे तीन दिवस पडून होता. चौथ्या दिवशी दुपारी तिनं तो भरला. नाव, चंद्रकला वामन बोबडे. जन्मतारीख. दहावीचं वर्ष, श्रेणी. खाली लिहिलं होतं, मूळ मार्कशीट जोडणे अनिवार्य. तिथं ती थांबली.

मार्कशीट ऑफिसच्या फायलीत. दुसरी प्रत मागवता आली असती, रोल नंबर तिला अजून पाठ होता. पण एका रोल नंबरच्या दोन चंद्रकला एकाच गावातून निघाल्या आणि कोणी विचारलं तर? एकतीस वर्षांची बाईजी एका दिवसात चोर ठरली असती. अर्चनेनं फॉर्मची घडी केली. फाडायला हात होईना, म्हणून बाकीच्या चारांत खाली सरकवला. नंतर काढू म्हणून. आणि रात्री तृप्तीचा फोन आला, सकाळी पाणी नव्हतं, त्या गडबडीत ती विसरली.

मिटिंगला जाताना सौंसरच्या बस स्टँडवर थोरलीनं फोटो लावलेत का हे बघायला गठ्ठा उघडला. चार फोटो, फॉर्म पाच. डोळ्याजवळ धरून, अक्षर अक्षर लावत, तिनं पाचवा वाचला. मग उलट्या बसनं घरी आली. एकतीस वर्षांत तिनं मिटिंग पहिल्यांदा चुकवली.

अर्चना वरणाला फोडणी देत होती. “लवकर आल्या बाई? मिटिंग नाही झाली?”

“मी गेलीच नाही.”

“काहून? गुडघा?”

“गुडघा नाही.” थोरलीनं पाय न धुताच पाटावर बसकण मारली. फॉर्म पुढं ठेवला. “हे पाचवं कोणाचं?”

अर्चनेनं गॅस बारीक केला. “चुकून आलं ते. टाकून द्या.”

“चुकून? जन्मतारीख बी चुकून लिवली? चौदा जून मले पाठ हाय वो. ऑफिसात एकतीस वर्सं माझा वाढदिवस तोच हाय.”

अर्चनेला हसू आलं, मग थोरलीलाही. पण ते फार टिकलं नाही.

“तुले शिकाचं होतं तं बोलली काहून नाही?”

“कवा बोलू? अन् बोलून काय करू? तुमची नोकरी घालवू?”

“नोकरी माझी होय का ते?”

“मग कोणाची? पंकजले छातीशी धरून मी नेलं होतं का? पोटुशा बायांच्या सासवांशी भांडाले मी गेली होती का? मी तं उंबऱ्यात बसून लिवत होती.”

“तेच म्हणून राहिली मी. तू उंबऱ्यातच राहिली.”

वरण उतू आलं. अर्चनेनं गॅस बंद केला आणि पाठमोरीच म्हणाली, “मी स्वतः काढून दिलं होतं, बाई. कोणी हिसकलं नव्हतं.”

“तू बावीस वर्साची होती. मामाजी समोर बसलेले, मी रांडमुंड बाजूले उभी. त्याले देणं म्हणत नाही.” थोरली थांबली. “अन् मी घेतलं. मी एकतीस वर्साची होती. मले समजत होतं. पुढंबी समजत होतं. तवा तुझा अंगठा मीच घासला ना? त्या रातीच ठरवलं होतं, उद्या सांगतो साऱ्याले. सकाळी उठली अन् सेंटरला गेली. पोरं आले, बाईजी बाईजी करत. जीव नाही झाला सोडाले.”

अर्चना तिच्याजवळ येऊन बसली. तिनं तांब्यानं पाणी घेऊन थोरलीचे पाय धुवायला घेतले, कारण गुडघे वाकत नव्हते आणि पायांना बस स्टँडचा चिखल होता. थोरली म्हणाली, “ठेव तं. मी करते.” पण पाय मागे घेतले नाहीत. “मी नोकरी सोडते अन् तुझा कागद परत आणते.”

“घरी बसून करान काय तुमी?” अर्चनेनं विचारलं.

“तुझ्यावानी बसन. तू नाही का बसली?”

हे लागलं. लागावं म्हणूनच ती म्हणाली होती.

राजीनामा अर्चनेनंच लिहिला. कारण, गुडघेदुखी. ऑफिसातला बाबू कागद उलटापालटा करत म्हणाला, “बाई, अभी तो नौ साल बाकी हैं आपके.” थोरली म्हणाली, “साहब, कागद पे बाकी हैं, घुटने में नहीं.” मूळ कागद परत मिळवायला मात्र तिला तीन खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या खेपेला फाइल सापडेना, दुसऱ्या खेपेला बाबू लग्नाला गेलेला. तिसऱ्या वेळी मिळाला. कडा पिवळ्या, कोपऱ्यात गंजलेल्या टाचणीचं भोक. थोरलीनं तो दुधाच्या पिशवीत घालून, पदराखाली धरून आणला आणि ओट्यावर अर्चनेच्या हातात दिला.

अर्चनेनं आधी गणिताचे मार्क पाहिले. इतकी वर्षं ती मनाशी चौऱ्याऐंशी धरून होती. कागदावर एकोणऐंशी होते.

“काय झालं? माझ्या हातून काही खराब झालं का?” थोरली घाबरली.

“नाही वो. मी स्वतःलाच पाच मार्क जास्त देऊन बसली होती.”

उरला नावाचा प्रश्न. आधारवर अर्चना, मार्कशीटवर चंद्रकला. तहसिलीतल्या वकिलानं सांगितलं, सोपं आहे, नवऱ्याचं शपथपत्र लागेल. गुणवंता कपाशीचं फवारणं सोडून आला. वकिलानं हिंदीत वाचून दाखवलं, की चंद्रकला और अर्चना एक ही महिला के नाम हैं, जो मेरी पत्नी है. गुणवंता म्हणाला, पुन्हा वाचा. वकिलानं पुन्हा वाचलं. त्यानं सही केली.

परतताना बसमध्ये त्यानं विचारलं, “आता तुले काय म्हणू मंग? चंद्रकला?”

“आजवर तुमी कोणत्या नावानं हाक मारली?”

त्यानं आठवून पाहिलं. पस्तीस वर्षांत त्यानं तिला ‘ऐकलं का’शिवाय काही म्हटलं नव्हतं. तो खिडकीबाहेर पाहू लागला. सौंसर मागं पडल्यावर म्हणाला, “तवा मी बोलाले पाहिजे होतं.” तिनं त्याच्या शर्टाच्या बाहीवरचा औषधाचा पांढरा डाग नखानं खरवडला. “घरी गेल्यावर हा शर्ट वेगळा टाका,” ती म्हणाली.

अंगणवाडीचा चार्ज तात्पुरता शेजारच्या गावच्या कार्यकर्तीकडे गेला. थोरली पहिले काही दिवस दहा वाजले की चपला घालून दारात उभी राहायची. पोरं रस्त्यानं जायची, तिच्याकडे बघून थांबायची. मग अर्चनेनं तिच्या हातात हिंदीचं पुस्तक दिलं. “बाई, मी म्हणते, तुमी पुस्तकात पाहा. चुकली की टोका.” मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नवा चष्मा. थोरली मास्तरीण भलतीच कडक निघाली. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी, “पुन्हा पयलेपासून.” अर्चनेला चिडायला व्हायचं. “समजलं मले, अर्थ तोच हाय.” “अर्थ तोच हाय, शबूद तो नाही.” अर्थशास्त्र तिला सोपं गेलं, इंग्रजीनं छळलं. चार महिन्यांत तिला दोनदा वाटलं, सोडून द्यावं. दोन्ही वेळा तिनं ते कोणाला सांगितलं नाही, भाकरी थापत मनातल्या मनात स्पेलिंग म्हटली.

डिसेंबरात नवी कार्यकर्ती नेमली गेली. सुचिता, खालच्या गल्लीतली सून, चोवीस वर्षांची, बी.ए. झालेली. ती जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन दुपारी घरी आली. ओट्यावर थोरली बसली होती, शेजारच्या दोघी जणी ऊन खात संत्री सोलत होत्या, आणि अर्चना खांबाला टेकून वही घेऊन.

“बाईजी,” सुचिता म्हणाली, “वजनाच्या रजिस्टरात काही पोरांच्या नावापुढे निळा ठिपका हाय. काही ठिकाणी दोन. ते काय होय?”

“मले नाही माहीत,” थोरली म्हणाली.

“तुमीच तं केले असतीन ना.”

“मी एक बी नाही केला. त्यातलं एक अक्षर माझं नाही. सारं हिनं लिवलं, एकतीस वर्सं. दहावी बी हिचीच होती. मी फक्त पोरं सांभाळले.” थोरली हे मोठ्यानं म्हणाली, मिटिंगमध्ये हजेरी देताना म्हणायची तसं. “तिले विचार.”

अर्चना वहीतून वर बघेना. सोलणाऱ्या बायांपैकी एकीनं संत्र्याची फोड तोंडात टाकली. “त्यात नवं काय सांगितलं, बाईजी? आमाले माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“हेच. साऱ्या गावाले माहीत होतं. माझ्या सासूले बी माहीत होतं.” तिनं बी थुंकली. “घरातली गोष्ट, म्हून कोणी बोललं नाही.”

अर्चनेच्या मनात आलं, म्हणजे त्या दिवशी बँकेच्या माणसासमोर सगळ्यांनाच माहीत होतं. मास्तरांनाही. तिला ठरवता येईना की बरं वाटावं की वाईट. एकशे बारा घरांनी तिची गोष्ट सांभाळली होती, आणि एकशे बारा घरांपैकी एकानंही तिच्या हातात पेन दिलं नव्हतं. दोन्ही खरं होतं. तिनं वही मिटली आणि सुचितेला म्हणाली, “इकडे बस.”

ती तासभर सांगत राहिली. एक ठिपका म्हणजे वजन एक महिना थांबलं, नुसतं लक्ष ठेवायचं. दोन ठिपके म्हणजे घरी जायचं, पण जेवायच्या वेळेला जायचं, म्हणजे ताटात काय वाढतात ते दिसतं. आईला विचारायचं नाही, आजीला विचारायचं, कारण आई आजीसमोर खरं सांगत नाही. मुलगी असली तर अर्धा ठिपका आपल्या मनानं जास्त धरायचा. सुचितेनं मोबाइल काढला आणि सगळं टाइप करून घेतलं. अर्चना मधेच थांबायची, “झालं लिहून?” आणि तिचं होईपर्यंत पुढं जायची नाही.

“काकू, अजून पंधरा वर्सांचे रजिस्टर बाकी हाय,” सुचिता म्हणाली. “उद्या येऊ का मी? सकाळीच?”

“उद्या नको. परवा ये.”

“उद्या कुठं लग्न हाय का?”

“नाही. इंग्रजीचा पेपर हाय, सौंसरले.”

“कोणाचा?”

“माझा,” अर्चना म्हणाली, आणि वही पुन्हा उघडली.